डोंगरावरचे बाण आधी खरवडून काढा

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत इंदूरजवळच्या भेरूघाटापलीकडच्या त्या बिनवाटेच्या टेकडीवरचा लेख वाचला. लेख मनापासून लिहिला आहे, ती टेकडी चढलेल्या मुलांचा उत्साहही खरा आहे. पण ज्या गोष्टीसाठी तुम्ही त्यांची पाठ थोपटलीत, तीच वाचून माझं डोकं फिरलं. पुढच्यांची सोय व्हावी म्हणून त्यांनी चढता-उतरता खडकांवर पांढऱ्या ऑइलपेंटने बाण काढलेत म्हणे! ते बाण मी पाहिलेत. रंगपंचमीची गेर, म्हणजे आपली रंगांची मिरवणूक, झाल्यानंतरच्या रविवारी मी आणि माझी भाची त्याच टेकडीवर होतो.

वाट नसलेली टेकडी सोंडेवरून, म्हणजे खाली उतरत आलेल्या धारेवरून, चढायची आणि सोंडेवरूनच उतरायची, नाल्यात शिरायचं नाही, हे त्या भागात फिरणारा कुणीही सांगेल. आपला हा डोंगर म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर. कठीण थर संपला की तिथे सरळ तुटलेला कडा, आणि नाल्याला त्या कड्यावरून खाली पडण्यावाचून गत्यंतर नसतं. पाताळपाणीच्या धबधब्याला तेच झालंय. पावसाळ्यात निदान पाण्याच्या आवाजाने कळतं. फाल्गुनात नाला ठणठणीत कोरडा असतो, त्यामुळे पुढे कडा आहे याचा वरून पत्ताही लागत नाही.

आणि या मुलांनी उतरायचे बाण नेमके नाल्यातच काढलेत. वरून नालाच सोपा दिसतो हे मान्य. सोंडेवर घाणेरीच्या जाळ्या, वाळकं गवत, टोचरे काटे. पण नाल्यात सागाची पानं ढोपरभर साठलेली असतात. सुपाएवढं एकेक पान, करकरीत वाळलेलं, एकावर एक घसरणारं. खाली दगड आहे की खड्डा, पाय टाकल्याशिवाय समजत नाही. शेवटचा बाण एका मोठ्या काळ्या खडकावर आहे, टोक खाली केलेला. त्या खडकापलीकडे दोन पावलांवर कडा. भाची पुढे होती. पानांसकट सरकत गेली. उंबराचं एक मूळ हाताला लागलं म्हणून थांबली. तळहात सोलवटला, गुडघा फुटला. ते मूळ नसतं तर आज मी तुम्हाला पत्र लिहायच्या स्थितीत नसते.

लेखात ही जागा 'जिथे माणूस फिरकत नाही' अशी म्हटली आहे. मग पायथ्याशी पहाटेपासून मोहाची फुलं वेचणाऱ्या त्या बायका कोण? आम्हाला नाल्यापासून लांब राहा, सोंडेने जा, असं त्यांनीच हात करून बजावलं होतं. त्यांची झाडं ठरलेली आहेत, गुरं तिथेच चरतात. लेख लिहिणाऱ्यांनी त्यांच्यापैकी एकीला जरी विचारलं असतं, तरी तो बाण तिथे उमटला नसता.

मुळात बाण हवेत कशाला? मार्चमध्ये अशा टेकडीवर जायचं तेच मुळी नजर उघडी ठेवून. सालईची पानं गळलेली असतात, म्हणून चढ कुठून कसा जातो ते खालूनच दिसतं. श्रावणात चार हातांपलीकडचं दिसत नाही. थांबायचं, वर बघायचं, पुढची पायरी हेरायची आणि मग पाऊल टाकायचं. ज्यांना आखलेला रस्ता हवा त्यांनी जानापावच्या डोंगरावर जावं, तिथे गाडी वरपर्यंत जाते आणि चंबळेचा उगमही बघून होतो.

माझी मागणी साधी आहे. त्या मुलांना तारेचा ब्रश देऊन परत पाठवा आणि एकूण एक बाण खरवडून काढायला लावा. तोवर येत्या रविवारी, लेख छापलात त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा की त्या बाणांच्या मागे कुणी जाऊ नये. परीक्षा संपल्या की पोरंटोरं टोळक्याने निघतील, त्याआधी हे व्हायला हवं. टेकडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, तुम्हीही पुन्हा छापू नका.

आणखी एक. लेखाबरोबरचं छायाचित्र हिरव्यागार डोंगराचं आहे, म्हणजे पावसाळ्यातलं. लेख वसंतातल्या चढाईचा! सध्या तिथे गवत पिवळं पडलंय, पळस फुललाय आणि कुसुंबाला तांबडी पालवी आहे. हे ज्याने पाहिलं नाही त्याने तो फोटो निवडला. भाचीने त्या दिवशी काढलेले फोटो आहेत. हवे असल्यास कळवा, पाठवते.

आपली,
एक जुनी वाचक
रामबाग, इंदूर