मराठी ई-मेल पत्ता आणि मेल सर्व्हरची घडण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

देवनागरीतील ‘.भारत’ हे डोमेन ऑगस्ट २०१४ मध्ये खुले झाले आणि त्यात मराठी व कोकणीचाही समावेश होता. तरीही ‘@’ या चिन्हाच्या आधीचे नाव देवनागरीत असलेला पत्ता माझ्या पाहण्यातील बहुतेक शैक्षणिक संस्थांचे मेल सर्व्हर आजही नाकारतात. त्याचे कारण तांत्रिक आहे आणि ते आपल्याच हातांनी दूर करता येण्याजोगे आहे, म्हणून हे पत्र.

डोमेनचे नाव प्युनीकोड या लिपी-रूपांतराच्या पद्धतीने रोमन अक्षरांत बदलून जुन्या सर्व्हरकडूनही पुढे धाडता येते. चिन्हाआधीच्या नावाला मात्र ती सोय नाही. त्यासाठी पाठवणाऱ्यापासून स्वीकारणाऱ्यापर्यंत वाटेतील प्रत्येक सर्व्हरला २०१२ साली प्रमाणित झालेला ‘एसएमटीपीयूटीएफ८’ हा विस्तार (ई-मेल धाडण्याच्या ‘एसएमटीपी’ या नियमांत घातलेली भर) समजावा लागतो. एकालाही तो समजत नसेल तर पत्र परत येते. वीत्से वेनेमा यांनी लिहिलेल्या पोस्टफिक्स या मुक्तस्रोत सर्व्हरमध्ये ही क्षमता फेब्रुवारी २०१५ च्या ३.० आवृत्तीपासून आहे. सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीसोबत मात्र पोस्टफिक्सची २.१० ही आवृत्ती येत असे. त्या प्रणालीचा आधार जून २०२४ मध्ये संपला असला, तरी ती अजून जिथे चालू आहे तिथे त्या पोस्टफिक्सवर देवनागरी पत्ता चालणे शक्यच नाही.

नवी आवृत्ती घेतली म्हणजे काम झाले, असेही नाही. सोर्स कोड कंपाइल करताना, म्हणजे मूळ आज्ञावलीपासून चालणारा प्रोग्राम तयार करताना, युनिकोडसाठीची ‘आयसीयू’ ही लायब्ररी, तिच्या हेडर फाइलींसह, संगणकावर सापडली नाही, तर पोस्टफिक्स ही क्षमता वगळूनच तयार होतो. बाकी सगळे सुरळीत चालते आणि उणीव सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. सांकेतिक जोडणीसाठीच्या टीएलएसचेही तसेच आहे. ‘मेक मेकफाइल्स’ ही आज्ञा देताना तो पर्याय आणि ओपनएसएसएलच्या लायब्ररी स्पष्टपणे नमूद कराव्या लागतात. ‘पोस्टफिक्स’ नावाचा स्वतंत्र वापरकर्ता आणि ‘पोस्टड्रॉप’ नावाचा गट आधी तयार करून ठेवावा लागतो, तो का, हे शोधताना विद्यार्थ्याला या सर्व्हरच्या सुरक्षेची रचनाच उलगडत जाते. म्हणूनच अभियांत्रिकी महाविद्यालयांनी हे काम प्रात्यक्षिकांत घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

सोर्स कोड उतरवून घेतल्यावर त्यावरील डिजिटल स्वाक्षरी तपासण्याचा पाठ मात्र गाळू नये. सप्टेंबर २००२ च्या अखेरीस सेंडमेल या दुसऱ्या मेल सर्व्हरच्या अधिकृत सर्व्हरवरील सोर्स कोडमध्येच कोणीतरी घातक भाग मिसळला होता. तो भाग कंपाइल होत असतानाच चालत असे आणि बाहेरच्या संगणकाशी संपर्क साधत असे. ६ ऑक्टोबरपर्यंत ती प्रत तेथून उतरवली जात होती. स्वाक्षरी पडताळणाऱ्याला हा बदल लगेच कळला असता.

स्वतः कंपाइल केलेल्या सर्व्हरला सुरक्षेचे बदल आपोआप मिळत नाहीत. ‘एसएमटीपी स्मगलिंग’ हा, एका पत्रात दुसरे बनावट पत्र लपवून धाडू देणारा, दोष डिसेंबर २०२३ मध्ये उघड झाला, तेव्हा पोस्टफिक्सची दुरुस्त आवृत्ती काही दिवसांत आली. पण ती बसवणे हे ज्याचे त्याचे काम होते. ज्या कार्यालयात अशा घोषणांवर लक्ष ठेवणारा माणूस नाही, तेथे लिनक्स वितरणाचे तयार पॅकेजच वापरावे आणि त्यात वरील क्षमता चालू आहे की नाही, एवढे पाहावे. ही तपासणी अगदी सोपी आहे: सर्व्हरशी जोडणी करून ‘ईएचएलओ’ ही सुरुवातीची आज्ञा दिल्यावर येणाऱ्या उत्तरात ‘एसएमटीपीयूटीएफ८’ ही ओळ दिसली पाहिजे.

राज्यातील विद्यापीठांनी आणि शासकीय कार्यालयांनी मेल सेवेच्या निविदेत ही एक अट घालावी, आणि सेवा स्वीकारण्यापूर्वी देवनागरी पत्त्यावरून पत्र पाठवून व त्याचे उत्तर मिळवून ती पूर्ण झाल्याची खात्री करून घ्यावी, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक सर्व्हर व्यवस्थापक, नाशिक