चाळीसपैकी चाळीस

दिवेआगर,
९ जून

प्रिय सुमे,

सात महिने तुला पत्र नाही, आणि आता लिहितेय ते केलेलं पाप सांगायला. तब्येत ठीक. गुडघा आहे तिथेच आहे, ह्यांची साखर जरा वर. बास.

तर झाडं लावणाऱ्या आपल्यासारख्या गटांना मदत करणाऱ्या तुझ्या त्या पुण्याच्या मध्यवर्ती कार्यालयाला मी खोटं लिहून दिलंय.

'तुझ्या' म्हटलं म्हणून चिडू नकोस. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने वाड्या झोपवल्या, आपण पोफळीची रोपं गोळा करत गट उभा केला, तेव्हा पुण्याला नाव नोंदवायचा हट्ट कुणाचा? मी म्हटलं, पुणेकर आता आपल्याला झाडं लावायला शिकवणार? तू चार दिवस बोलली नाहीस. पण तुझंच खरं होतं गं. खुरपी, पहारी, कात्र्या त्यांनीच दिल्या. बिलं दाखवली की पाइपाचे पैसे येतात. अण्णांच्या पायावर पहार पडली तेव्हा दवाखान्याचा खर्च त्यांच्या विम्यातून भागला. आणि समन्वयक बाई महिन्याला फोन करून 'काय अडलंय?' विचारतात. घरात तरी कुणी विचारतं का?

तर गेल्या वर्षी त्यांनी रातांब्याची, म्हणजे कोकमाची, चाळीस रोपं पाठवली. कधी? सप्टेंबर सरता सरता! टेम्पोतून उतरवली तेव्हाच पिशवीच्या तळाशी मुळं चकलीसारखी वळलेली. टेकडीवरच्या जांभ्यात खड्डे घेईपर्यंत पाऊस निघून गेला. मार्चपर्यंत हंड्यांनी पाणी वाहिलं, मग आंबे उतरवायला जो तो पांगला. सतरा गेली. शेवटचं गेलं ते शाळेच्या गडग्याजवळचं. रोज नखाने साल खरवडून बघायची, हिरवं दिसलं की तांब्याभर पाणी. एक दिवस आत तपकिरी निघालं. काडी हातातच मोडली.

आणि मेअखेर फॉर्म आला. लावलेली रोपं, जगलेली रोपं. मी लिहिलं, चाळीस, चाळीस. का, ते मलाही धड सांगता येत नाही. पाण्याच्या टाकीसाठी पुण्याहून पैशांचा दुसरा हप्ता यायचा होता, हे एक. शिवाय चौकटी दोनच. 'उशिरा आली' लिहायला जागा कुठे होती?

झालं! बाई इतक्या खूश, की पुढच्या गुरुवारी दुसऱ्या गटांची वीस माणसं आपली बाग बघायला आणताहेत. मोदक ठरलेत. नारळ तुझ्या आत्याच्या वाडीतले, आणि पैसे मोजून घेतले तिने. बदलली नाही हो.

तुलाच हे कळेल. सातवीतला वनमहोत्सव आठव. साहेब यायच्या आदल्या संध्याकाळी रिकाम्या खड्ड्यांत आपण पांगाऱ्याच्या फांद्या खोचल्या होत्या. तुझी जगली की! अजून उभी आहे, गुरुजी गेले तरी. पण रातांबा म्हणजे पांगारा नव्हे.

सतरा कलमं आणून एका रात्रीत लावता येतील. कोकण अमृता जातीची मिळतात. पण पुढचं बघ. बाई म्हणणार, सप्टेंबरात लावलेलं झकास जगतं, आणि यंदा सगळ्याच गटांच्या दारात सप्टेंबरात टेम्पो. वर ही बियांची रोपं. नर की मादी ते सात-आठ वर्षांनी फुलल्यावर कळणार. निम्मी नर निघाली तर आगळ कशाचं काढायचं? कलमं द्या, मिरगाला द्या, एवढंच त्यांना सांगायचं होतं. त्या विचारत होत्या दर महिन्याला. मी 'सगळं छान' म्हणत होते.

मेलेल्या रोपांच्या पिशव्या टाकल्या नाहीत, पडवीत आहेत. येता-जाता ह्यांच्या पायात येतात आणि मग मला ऐकावं लागतं.

सूनबाई सुखरूप सुटली ना? नात की नातू, तेही विचारायचं राहिलं बघ. पनवेलला पाणी येतं का?

हे पत्र तुझ्या भावाच्या हाती देतेय, तो उद्याच्या एसटीने निघतोय. नवा फॉर्म भरून ठेवलाय, तेवीस लिहून, बाकीचं मागच्या कोऱ्या बाजूला. पाठवलेला नाही. पाठवू, की नर्सरीत सांगून ठेवू? तो सोमवारी परत येईल, त्याच्याच हाती उत्तर दे. फोन नको करूस, आमच्याकडे सगळं घर कान लावून बसतं.

तुझी,
कुंदी