परदेशी जाताना संसार बांधायचा कसा?

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

उन्हाळ्याची सुट्टी संपत आली की आमच्या गंगापूर रोड परिसरातील एखाद्या तरी घराच्या दिवाणखान्यात उघड्या बॅगा, वजनकाटा आणि कागदात गुंडाळलेली भांडी दिसू लागतात. कुणाचा मुलगा नोकरीसाठी सहकुटुंब निघालेला असतो, कुणाची मुलगी लग्नानंतर जाणार असते. व्हिसा, तिकिटे, पैसे यांबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात; घरातले नेमके काय न्यायचे, हे मात्र शेजारच्या काकूंच्या अनुभवावर आणि आईच्या काळजीवर ठरते. माझी मुलगी २०१२ साली कॅनडाला, टोरांटोजवळ स्थायिक होण्यासाठी गेली आणि या वर्षी धाकटा मुलगा, सून व सहा वर्षांची नात मेलबर्नला निघाली आहेत. पहिल्या वेळी मी जवळजवळ सगळेच चुकीचे बांधून दिले. ती चूक इतरांकडून होऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मुलीच्या वेळी नवा संसार म्हणजे नवी भांडी, अशी माझी पक्की समजूत होती. रविवार कारंजावरून भांडी बाजारात आमच्या पाच-सहा फेऱ्या झाल्या. स्टीलची ताटे, वाट्या, डबे, कल्हई केलेली दोन पितळी पातेली, इडलीपात्र, मोदकपात्र, चकलीचा सोऱ्या आणि ७५० वॅटचा मिक्सर, असे सगळे कोरे करकरीत घेतले आणि प्रत्येक भांड्यावर तिचे नाव व तारीख घालून घेतली. तिथे पोचल्यावर तिने बदललेल्या पिनेचा ॲडॉप्टर लावून मिक्सर सुरू केला, तेव्हा तो फिरला खरा, पण भिजवलेली उडदाची डाळ जागची हलेना. आपल्याकडे घरात २३० व्होल्टची वीज येते आणि कॅनडा-अमेरिकेत १२० व्होल्टची. ॲडॉप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, दाब बदलत नाही, ही साधी गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आली नव्हती. दाब निम्मा झाला की मोटारीची ताकद निम्म्याहूनही पुष्कळ खाली येते. दाब वाढवणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण मिक्सरला पुरेल एवढा घ्यावा तर तो मिक्सरपेक्षा जड निघतो. तो मिक्सर शेवटी आल्या पावली नाशिकला परत आला.

पितळी पातेल्यांची तीच गत झाली. तिच्या भाड्याच्या घरात काचेच्या सपाट पृष्ठभागाची विजेची शेगडी होती, तिच्यावर गोल बुडाचे भांडे नीट टेकत नाही आणि नीट तापतही नाही. शिवाय कल्हई उडाल्यावर ती करून देणारा तिथे कुठून आणायचा? तीन आठवड्यांनी फोनवर ती म्हणाली, "आई, भांडी ढीगभर आहेत गं, पण पोळी भाजायला आपला तवा नाही आणि पुरण वाटायला काही नाही." आमचा वीस वर्षे वापरलेला, सपाट बुडाचा, जाड बिडाचा तवा कडेला खरवडलेला आणि काळाकुट्ट दिसतो म्हणून, लोक काय म्हणतील या संकोचापायी, मी तो दिला नव्हता. पुढच्या वर्षी ओळखीच्या माणसाबरोबर वर्तमानपत्रात गुंडाळून तो आणि पुरणयंत्र पाठवले. त्या तव्यावर ती आजही पोळ्या करते. नवी ताटे मात्र दिवाळीपुरती बाहेर येतात.

म्हणून माझे पहिले सांगणे असे, की जायचे ठरल्यावर आधी बाजारात जाऊ नये, आधी स्वतःच्या स्वयंपाकघरात पाहावे. याला केवळ भावनेचा आधार नाही, सीमाशुल्काचे नियमही हेच सांगतात. अमेरिकेत घरगुती सामान करमुक्त न्यायचे तर ते परदेशात निदान एक वर्ष वापरलेले असावे लागते; ऑस्ट्रेलियात स्वतःच्या मालकीचे आणि बारा महिने वापरलेले, तर ब्रिटनमध्ये राहते घर बदलणाऱ्यासाठी सहा महिने वापरलेले असावे लागते. कॅनडात सामान पोचण्यापूर्वी ते आपल्याकडे असून आपण वापरलेले असले पाहिजे, आणि जे मागाहून जहाजाने येणार आहे त्याची यादी पहिल्यांदा उतरतानाच दोन प्रतींमध्ये द्यावी लागते. ती राहिली तर पुढे फार त्रास होतो. म्हणजे निघण्यापूर्वी हौसेने घेतलेल्या कोऱ्या वस्तूंवरच कराचा प्रश्न उभा राहतो आणि जुनी, चेपलेली भांडी सुखरूप जातात. आपल्याकडे भांड्यावर नाव आणि तारीख घालण्याची पद्धत आहे, तिचाही इथे उपयोग होतो. माझ्या सुनेच्या परातीच्या काठावर तिच्या लग्नाची तारीख कोरलेली आहे. ही परात किती जुनी, हे आता कुणाला वेगळे सांगायला नको.

मुलाच्या वेळी आम्ही निराळी रीत धरली. सुनेने दहा दिवस नेहमीचा स्वयंपाक केला आणि जे भांडे हाताळले ते घासून कपाटात न ठेवता जेवणाच्या टेबलावर ठेवले. दहाव्या दिवशी टेबलावर पाच लिटरचा कुकर, दोन कढया, तवा, परात, पोळपाट-लाटणे, मिसळणाचा डबा, किसणी, उलथने, सांडशी, चहाचे पातेले, गाळणी आणि मोजकी ताटे-वाट्या एवढेच होते. कपाटात त्याच्या चौपट भांडी तशीच राहिली. रुखवतात आलेला काचेचा संच लग्नापासून आजवर दोनदाच निघाला होता. तो पाहून निर्णय घेणे कुणालाच कठीण गेले नाही. सणाची म्हणून सोऱ्या आणि मोदकपात्र टेबलावर नव्हते तरी घेतले, कारण तिकडे ती सहज मिळत नाहीत. कुकरची दोन जादा रबरे, शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह मी आग्रहाने घालायला लावले. एका रबरापायी कुकर महिनाभर बंद राहिल्याचे मुलीकडे पाहिले आहे.

दुसरे सांगणे असे, की देश कोणता हे पाहिल्याशिवाय एकही वस्तू ठरवू नये. मुलीकडे निकामी ठरला तसलाच मिक्सर मुलाकडे बिनघोर चालेल, कारण ऑस्ट्रेलियातही आपल्यासारखीच २३० व्होल्टची वीज आहे. फक्त तिकडच्या तिरक्या पात्यांच्या सॉकेटसाठी पिन बदलावी लागेल. मोबाइल आणि लॅपटॉपच्या चार्जरवर बहुधा १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते, ते कुठेही चालतात. मिक्सर, इस्त्री, ग्राइंडर यांच्यावर तसे नसते. शेगडीचीही आधी चौकशी करावी. इंडक्शन असेल तर तांबे, पितळ आणि साधे ॲल्युमिनियम तिथे तापत नाही. फ्रिजवरचे लोहचुंबक भांड्याच्या बुडाला लावून पाहावे; चिकटले तर ते भांडे चालेल, नाही तर इथेच ठेवावे. आमच्या आठ पातेल्यांपैकी तिघांना चुंबक चिकटले. नाशिकच्या तांबट कारागिरांच्या भांड्यांचा मलाही अभिमान आहे, तरीही ज्या चुलीवर ते भांडे चढणार नाही त्या घरी ते पाठवणे मला पटत नाही. पाण्यासाठी एक तांब्याचा तांब्या मात्र अवश्य न्यावा.

खाण्याच्या वस्तूंबाबत आपल्याकडे जेवढा उत्साह तेवढेच अज्ञान आहे, हे मला खेदाने लिहावे लागते. अनारशांवर आणि अनेक घरांच्या गोड्या मसाल्यातही खसखस असते. ती संयुक्त अरब अमिरातीत अफूशी संबंधित म्हणून बंदी असलेली वस्तू आहे आणि तिच्यापायी अटक होऊ शकते. दुबईला जाणाऱ्या मुलाच्या डब्यात प्रेमाने अनारसे भरणाऱ्या आईला हे कुणी सांगितलेले असते का? अमेरिकेत प्रवाशाच्या सामानातून भारतातला तांदूळ आणि हरभरे नेता येत नाहीत, कारण धान्यातला खापरा भुंगेरा त्यांच्या देशात शिरू नये, यासाठी ते फार सावध असतात. ताजा कढीपत्ताही तिथे चालत नाही. ऑस्ट्रेलियात पेढे, बर्फी यांसारखी दुधाची मिठाई काढून घेतात. विमानात उतरण्यापूर्वी जे कार्ड भरायचे असते, त्यावर खाद्यपदार्थ, बिया, लाकडी वस्तू यांच्यापुढे खरे तेच लिहावे. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतील, लपवलेल्या वस्तूला जबर दंड होतो. न्यूझीलंडमध्ये जागेवरच ४०० डॉलर भरावे लागतात. पूजेच्या सामानातला कापूर ज्वालाग्राही असल्यामुळे विमानात मुळीच चालत नाही आणि तेलकट सुक्या खोबऱ्यालाही त्याच कारणाने हरकत घेतली जाते. सुपाऱ्या, हळकुंडे, रुद्राक्षांच्या माळा या सगळ्या वनस्पतिजन्य वस्तू आहेत, त्याही यादीत लिहाव्यात. आमच्या सागवानी पोळपाटाला किडीचे छिद्र किंवा साल राहिलेली नाही ना, हे मुलाने भिंग घेऊन तपासले. सुरुवातीला मला तो अतिरेक वाटला होता. आता वाटत नाही.

देवघराविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण जुन्या नाशकातल्या वाड्यांमधून आलेल्या घरांना हा प्रश्न हमखास पडतो. आमच्याकडे सासूबाईंच्या सासूबाईंपासून चालत आलेला रांगणारा पितळी बाळकृष्ण आणि हाताने लिहिलेली एक पोथी आहे. मुलीला जाताना बाळकृष्ण द्यावा, असे माझ्या फार मनात होते. नंतर कळले, की पुरातन वस्तूंविषयीच्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने हस्तलिखित खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेताच येत नाही, मग ते स्वतःच्या घरातले का असेना. वस्तू जुनी दिसते पण तशी नाही, असे असेल तर ती पुरातन नसल्याचे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी घ्यावे लागते. विमानतळावर मूर्ती अडवली जाण्यापेक्षा ती घरीच सुखरूप राहिलेली बरी. मुलाबरोबर आम्ही सराफ बाजारातून घेतलेला नवा बाळकृष्ण देत आहोत आणि पोथीच्या सर्व पानांची छायाचित्रे त्याने काढून घेतली आहेत. अंगावरचे व बरोबरचे दागिने नेताना निघण्यापूर्वी विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून त्यांचे निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे. सुट्टीला परत येताना त्याच दागिन्यांवर कर मागितला जाण्याची धास्ती मग राहत नाही.

आता जहाजाने सामान पाठवण्याबद्दल. मुलीच्या वेळी एका वाहतूकदाराने घनमीटरला अमुक दर सांगितला आणि आम्ही तो अखेरचा समजून चाललो. तो दर फक्त तिकडच्या बंदरापर्यंतचा होता. तिथली हमाली, गोदामाचे भाडे, तपासणीचा खर्च आणि घरपोच गाडी यांचे वेगळे बिल मुलीच्या हाती पडले, तेव्हा तिचा पहिला पगारही झालेला नव्हता. शिवाय खोकी भरताना कागद आणि थर्माकोल इतका घातला होता, की आकार फुगून घनमीटर वाढले. चौकशी केल्यावर "मॅडम, सगळीकडे असंच असतं," एवढेच उत्तर मिळाले. त्यामुळे दारापासून दारापर्यंतचा खर्च, त्यात काय नाही, विमा किती आणि मोजणी कोणासमोर, हे सारे कागदावर लिहून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. लाकडी पेट्या वापरल्यास त्यांचे लाकूड उष्णतेची प्रक्रिया केलेले व तसा शिक्का असलेले आहे, हेही पाहावे. माझे स्पष्ट मत असे, की चार माणसांपर्यंतच्या कुटुंबाने फर्निचर नेण्याचा मोह सोडावा आणि विमानाच्या बॅगांतच संसार बसवावा. उत्तर अमेरिकेच्या तिकिटावर अनेक कंपन्या माणशी २३ किलोच्या दोन बॅगा देतात. इतर देशांसाठी तिकिटावर लिहिलेले वजन पाहावे. ३२ किलोंवरची एकच बॅग मात्र सहसा कुणीच घेत नाही.

वजनाच्या हिशेबात एकच वस्तू अशी होती, जिच्यावरून आमच्या घरी दोन संध्याकाळी बोलणे झाले. नातीसाठी मी माझ्या सुती लुगड्यांची गोधडी शिवली होती. काट्यावर ती अडीच किलो भरली, म्हणजे कुकरपेक्षा जास्त. मुलाचे म्हणणे, तिकडे हलकी उबदार पांघरुणे हवी तेवढी मिळतात, आणि ते खरेच आहे. पण नात रोज तीच घेऊन झोपते, तिच्या टोकाचा दोरा बोटाला गुंडाळल्याशिवाय तिला झोप येत नाही. दहा दिवस टेबलावर जे येईल तेच न्यायचे, या आमच्याच नियमाने पाहिले तर ती गोधडी रोज वापरातली होती. तिच्यासाठी काचेच्या बरण्या आणि सुनेचे जास्तीचे डबे बाहेर काढले. मुलांची मराठी पुस्तकेही याच न्यायाने ठेवली. ती जड असतात, पण तिकडच्या दुकानात मिळत नाहीत.

आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती आहे, की कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि आखाती देश यांच्यापुरते तरी काय नेता येते आणि काय नाही, याचे अधिकृत नियम सोप्या मराठीत क्रमशः प्रसिद्ध करावेत. हे नियम त्या त्या सरकारांनी उघडपणे मांडलेले आहेत, पण इंग्रजीत. आणि बॅगा भरणाऱ्या आया-आज्यांपर्यंत ते पोचत नाहीत. १८४० पासून या शहराची सेवा करणाऱ्या सार्वजनिक वाचनालयाने वर्षातून एकदा, मे महिन्यात, जाऊन आलेल्या आणि जाणाऱ्या कुटुंबांची एकत्र बैठक घेतली, तर ती अनेकांच्या उपयोगी पडेल. तशी बैठक ठरल्यास २०१२ ची आणि या वर्षीची, अशा आमच्या दोन्ही याद्या, प्रत्येक वस्तूचे वजन आणि तिचे पुढे काय झाले या नोंदींसह, मी स्वतः घेऊन येईन.

कळावे.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक,
गंगापूर रोड, नाशिक