बेरजेआधी उत्तरं वाचा

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या आरोग्य पुरवणीत ‘नैराश्य आहे का? स्वतःच तपासा’ या मथळ्याखाली नऊ प्रश्नांचा तक्ता छापून आला. दर प्रश्नाला ० ते ३ गुण, जास्तीत जास्त २७. खाली बेरजेनुसार निकाल दिला होता: ४ पर्यंत काळजीचं कारण नाही, ५ ते ९ सौम्य, १० ते १४ मध्यम, त्यापुढे गंभीर. मी मानसोपचार विभागात परिचारिका होते, आता निवृत्त आहे. पीएचक्यू-९ नावाचा हा तक्ता माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. तो उपयोगी आहे याबद्दल शंका नाही. जी माणसं ‘मला काही होत नाहीये’ म्हणून विषय टाळतात, ती कागद समोर आला की खुणा करतात आणि मग हळूहळू बोलायलाही लागतात.

माझी हरकत आहे ती बेरजेखालच्या निकालाला. तक्त्यातला नववा प्रश्न असा: गेल्या दोन आठवड्यांत मेलेलं बरं, किंवा स्वतःला इजा करून घ्यावी, असे विचार आले का? समजा एखाद्याने आधीच्या आठही प्रश्नांना शून्य दिलं आणि इथे ‘काही दिवस’वर खूण केली. बेरीज १. आपल्या पुरवणीप्रमाणे काळजीचं कारण नाही. वॉर्डात मात्र अशा माणसाला तसंच घरी पाठवत नाहीत. त्याला बाजूला बसवून सरळ विचारतात: विचार कधी येतो, काही ठरवलं आहे का, घरी एकटे असता का, साधन हाताशी आहे का. असं विचारल्याने माणसाच्या डोक्यात नसलेलं खूळ शिरेल, ही भीती निराधार आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून रडू कोसळलेली आणि मग मोकळी झालेली माणसं मी पाहिली आहेत. नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज कुठलंही उत्तर असेल, तर बेरीज बाजूला ठेवून त्याच दिवशी माणसाशी बोललं पाहिजे. एवढी एक ओळ त्या तक्त्याखाली हवी होती.

बेरीज फसवते ती फक्त वर्तमानपत्रात नाही, दवाखान्यातही. मानसोपचारतज्ज्ञ मॅक्स हॅमिल्टन यांनी १९६० साली नैराश्य मोजायची श्रेणी मांडली. ती रुग्णाने भरायची नसते, डॉक्टर किंवा प्रशिक्षित माणूस रुग्णाशी बोलून भरतो. निदान आधी झालेलं असतं. दुखणं किती खोल आहे आणि उपचाराने उतरतंय का, एवढंच ती सांगते. तिच्या १७ मुद्द्यांपैकी तीन झोपेचे: झोप उशिरा लागणं, मध्येच मोडणं, पहाटे फार लवकर जाग येणं. प्रत्येकाला २ पर्यंत, म्हणजे नुसत्या झोपेचे ६ गुण.

आमच्याकडे एक बाई दाखल होत्या. पहिल्या आठवड्यात गुण २४, दुसऱ्या आठवड्यात १८. नातेवाइकांना ‘सुधारणा आहे’ असं सांगून झालं होतं. मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. तिन्ही मुद्द्यांवर २ चा शून्य झाला होता आणि बाकी रकाने जसेच्या तसे होते. बाईंना रात्री झोपेची गोळी सुरू केली होती, ती लागू पडली होती. बाई मात्र अजून ताट पुढ्यात आलं की दोन घास खाऊन सरकवत होत्या आणि भेटीच्या वेळी मुलगा आला की भिंतीकडे तोंड करून पडत होत्या. राउंडला मी दोन्ही कागद डॉक्टरांपुढे ठेवले. त्यांनी मुद्देवार वाचले आणि घरी सोडायचा विचार त्या दिवसापुरता मागे घेतला.

मेंदूला मार लागलेल्या रुग्णाच्या शुद्धीसाठीही असंच आहे. १९७४ साली आलेली ग्लासगो कोमा श्रेणी डोळे उघडणं, बोलणं आणि हातापायांची हालचाल यांना अनुक्रमे ४, ५ आणि ६ पर्यंत गुण देते. पण घशात नळी असलेला माणूस बोलणार कसा? सुजलेले डोळे उघडणार कसे? तिथे तपासता आलं नाही असं लिहायचं असतं. त्याऐवजी १ लिहून बेरीज मारली, तर शुद्ध आहे त्यापेक्षा कमी दिसते. म्हणून पाळी बदलताना, हँडओव्हरला, ‘पेशंट नऊवर आहे’ म्हणणाऱ्या मुलींना मी तिन्ही आकडे सुटे सांगायला लावत असे. पुढच्या पाळीत हालचालीचा आकडा ५ वरून ४ वर आला, तर नेमकं काय बिघडलं ते लगेच कळतं.

आणि हे आकडे खाटेजवळ उभं राहून लिहायचे असतात. घाईच्या पाळीत कालचेच आकडे आज उतरवलेले चार्ट मी पाहिले आहेत, त्याचा अजूनही संताप येतो. पण एका सिस्टरच्या वाट्याला झेपणार नाहीत इतके रुग्ण दिले, तर प्रत्येकाजवळ थांबणार कोण? मनोरुग्णांचं वागणं नोंदवायची नोसी नावाची ३० मुद्द्यांची श्रेणी तर परिचारिकांसाठीच बनवलेली आहे. आधीच्या तीन दिवसांत रुग्ण कसा वागला यावर ती भरतात: स्वच्छता ठेवतो का, आसपासच्या गोष्टींत रस घेतो का, चटकन चिडतो का. ज्या सिस्टरने त्या तीन दिवसांत रुग्णाला धड पाहिलंच नाही, तिने ती भरावी तरी कशी? रुग्णालयं चार्ट पूर्ण आहेत का ते तपासतात. तो भरायला लागणारा वेळ पाळीच्या आखणीत धरलेला क्वचितच दिसतो.

ज्यांचं माणूस दाखल आहे, त्यांनी ‘गुण किती’ एवढ्यावर थांबू नये. कशात फरक पडला, हा प्रश्न डॉक्टरांना आणि सिस्टरना जरूर विचारावा. घरच्यांना दिसतं ते आम्हाला दिसत नाही, तेही न विचारता सांगावं.

आपल्याला विनंती अशी, की पुढच्या रविवारी नवव्या प्रश्नाबद्दलचा खुलासा त्याच पानावर, तक्त्याएवढ्याच ठळकपणे छापावा. गेल्या रविवारी ज्यांची बेरीज १ किंवा २ आली, त्यांच्यापर्यंत तो पोचायला हवा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका