दीर्घ खंडानंतर पुन्हा धावू लागणाऱ्या सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, आजारपण, बाळंतपण, बदली किंवा अन्य कारणाने ज्यांचे धावणे वर्षभर वा अधिक काळ सुटले आहे, त्यांनी जळगावच्या मेहरूण तलावाकाठी पुन्हा येताना स्वतःला नवशिकेच समजावे. दम काही आठवड्यांत परत येतो. हाडे व कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे चिवट पट्टे) यांना मात्र भार सोसण्यास कित्येक महिने लागतात, आणि जुन्या वेगाच्या आठवणीवर धावणाऱ्यांच्या नडग्या व टाचा नेमक्या याच काळात दुखावतात. म्हणून सुरुवातीस आठवड्यातून 3 दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून, 1 मिनिट हळू धावणे व 2 मिनिटे चालणे, असे एकूण 20 ते 25 मिनिटेच करावे. धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. धाप लागल्यास वेग कमी करावा, मग शेजारून कोणीही पुढे जावो. नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट दाबताच कळ येत असेल, तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. हृदयविकार, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी आधीच वैद्यकीय सल्ला घ्यावा. कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या बुटांचे तळ कडक होतात, तेही तपासावेत. जळगावात एप्रिल-मेमध्ये पारा 43 अंशांच्या पुढे जातो. त्या दिवसांत सूर्योदयापूर्वीच सराव आटोपावा. नियमित धावणाऱ्या सभासदांनी नव्याने येणाऱ्यांना वेग वाढविण्याचा आग्रह करू नये, ही कळकळीची विनंती.