कयाक उलटली नाही, एवढ्यावर ग्रेड चार नको

संपादक महोदय,

खिंडसीसारख्या तलावात कयाकवर, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या चिंचोळ्या होडीवर, हात बसला, कोलाडच्या कुंडलिकेत दोनदा उतरून झाले, की पुढच्या सुट्टीत ऋषिकेशचे ग्रेड चारचे मोठे रॅपिड, म्हणजे खडकांतून उसळत धावणारे पाणी, खुणावू लागतात. (ग्रेड म्हणजे रॅपिड किती अवघड ते सांगणारा एक ते सहाचा दर्जा.) ‘एकदाही उलटलो नाही’ हा मात्र तयारीचा पुरावा नव्हे. पाण्याने नेले तिकडे जाऊनही खाली पोहोचता येते.

खरी कसोटी ओळखीच्या ग्रेड तीनवर घ्यावी. काठावरून रॅपिड पाहून चार एडी, म्हणजे खडकाआडची उलट फिरणारी संथ जागा, आधीच ठरवाव्यात आणि त्या चारही गाठाव्यात. खडक ओलांडल्या ओलांडल्या, एडीच्या वरच्या टोकालाच आत शिरायला हवे. खाली घसरून कसेबसे शिरलात तर ती धरू नये. एडीतून पुन्हा धारेत येताना कयाक प्रवाहाच्या दिशेने कलती ठेवावी. कयाकची वरच्या प्रवाहाकडची कड दबली की धार तिच्यावर चढते आणि क्षणात उलटवते. बहुतेक जण इथेच फसतात.

रोलचेही, म्हणजे उलटलेली कयाक आत बसूनच पुन्हा सरळ करण्याचेही, तसेच. तलावात सांगून मारलेले दहा रोल इथे मोजू नयेत. लाटेत, नकळत उलटल्यावर, दोन्ही बाजूंनी रोल लागतो का, ते पाहावे. तो फसतो कारण श्वासासाठी डोके आधी वर येते. आधी कंबरेचा झटका, मग धड, डोके सर्वांत शेवटी. गाल खांद्याला टेकलेला. पहिला प्रयत्न हुकताच स्प्रे स्कर्ट, म्हणजे कयाकमध्ये पाणी येऊ न देणारे कंबरेभोवतीचे आवरण, ओढून बाहेर पडणाऱ्याने अजून तीनवरच राहावे.

शिवाय रॅपिडच्या खाली संथ डोह आहे की लगेच दुसरा रॅपिड, हे पाहिल्याशिवाय उतरू नये. पंधरा-वीस मीटरची थ्रो बॅग, म्हणजे बचावासाठी फेकायच्या दोराची पिशवी, नेमकी टाकणारा सोबती काठावर असावा. पाणी वाढले की ग्रेडही बदलते, म्हणून मागच्या वर्षीच्या अनुभवावर विसंबू नये.

एक गोष्ट आपल्या भागासाठी. पावसाळ्यात ऋषिकेशचे राफ्टिंग बंद असते, तेव्हा कन्हान-पेंचच्या पुराचा मोह होतो. तिथल्या बंधाऱ्यांना कृपया रॅपिड समजू नका. वरून नुसती पाण्याची सरळ रेघ दिसते, पण खाली पडलेले पाणी मागे वळून भिंतीकडेच ओढते. त्यात सापडलेला माणूस लाइफ जॅकेट असूनही तिथेच घोळत राहतो. बंधारा कंबरेएवढा असला तरी बराच आधी काठ गाठावा आणि कयाक खांद्यावर घेऊन पलीकडे जावे.

– एक कयाकिंग प्रशिक्षक, नागपूर