तुझं नाव मीच लिहिलं

आनलू, चिन राज्य, राजाचं 24वं वर्ष (इ. स. पू. 223), चौथा महिना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुला जाऊन 19 दिवस झाले. निघताना मला वाकून नमस्कार केलास, पण माझ्याकडे पाहिलं नाहीस. रागावलास ते बरोबरच आहे. छूच्या राज्याकडून जिंकलेल्या नव्या मुलखात पाठवायच्या कारकुनांची यादी माझ्याच हातची. तुझ्याऐवजी ज्याचं नाव लिहिता आलं असतं, त्याचा थोरला भाऊ दोन वर्षांपूर्वी सेनापती ली शिनच्या 2 लाख फौजेबरोबर छूवर चालून गेला तो आलाच नाही. त्याची आई रोज कोठारासमोरून पाण्याला जाते. तुझं नाव लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत चाकू हातात धरून बसलो. बांबूवरची दोन अक्षरं खरवडायला कितीसा वेळ लागतो!

ते असो. रात्री तटाबाहेर पडू नकोस.

हुआयांगकडे लढणाऱ्या आपल्या शिपायांची पत्रं येतात, ती आळीत वाचून दाखवतात. नव्या मुलखातली गावं ओस पडलीत म्हणे, दरोडेखोर शिरलेत, धाकट्यांना तिकडे धाडू नका म्हणून घरच्यांना कळवतात. हे सगळं तुझ्या आईने ऐकलं. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. सेनापती वांग ज्येन 6 लाख माणसं घेऊन गेलेत, आता भीती कसली, असं मी तिला सांगतो. पण फौज पुढे निघून जाते आणि मागे चार शिपाई, एक कोठार आणि एक कारकून राहतो. तो कारकून तू आहेस.

कोठार ताब्यात घेशील तेव्हा आधी सगळं मोजून घे, मगच शिक्का मार. आधीच्या माणसाची तूट तुझ्या माथी येईल. मापं स्वतः तपास. पाऊस पडला की किती शेतांना पोचला ते लगेच लिहून कळव, तोंडी निरोप चालत नाही. वेठीला उशिरा येणाऱ्यांचे दिवस नीट मोज: पाच दिवसांपर्यंत नुसती समज, सहा ते दहाला एक ढाल दंड, दहाच्या वर गेलं तर चिलखत. एका दिवसाच्या चुकीने कुणाचं घर बसतं. आणि पावसापाण्याने काम होणारच नसेल तर बोलावणं रद्द होतं, हे कलम लोकांना ठाऊक नसतं. तू आपणहून सांग.

पुन्हा शिकवायला बसलो. माफ कर. लेखनशाळेत तू हे सगळं माझ्यापेक्षा चांगलं पाठ केलंस. कारकुनाचा मुलगा म्हणून तुला तिथे बसता आलं, पण अक्षर तुझं तूच कमावलंस.

तुला आठवतं का, तपासणीच्या आदल्या दिवशी मी कोठारात बिळं मोजत होतो? चार निघाली. तीन घुशींची बिळं म्हणजे एक ढाल दंड, आणि घरात तेव्हा काय होतं ते तुझ्या आईला विचार. तू सात वर्षांचा. पालथा पडून प्रत्येक बिळात हात घातलास. दोन बिळांत अख्खी मूठ गेली, दोन बिळांत दोनच बोटं. “आबा, ही दोन उंदराची. उंदराची तीन मिळून घुशीचं एक होतं ना?” कोपरापर्यंत मातीने भरला होतास. दुसऱ्या दिवशी मला नुसती समज मिळाली. हे मी किती जणांना सांगितलं असेल त्याची गणती नाही. तुला मात्र कधी शाबास म्हटलं नाही.

तिथली माणसं आजीसारखं बोलतील. चिनचा सेनापती बाय छीने छूकडून हा आपला मुलूख घेतला तेव्हा ती पोर होती. त्याला 55 वर्षं झाली, पण शेवटपर्यंत ती छूच्या बोलीतच कुरकुरायची. आपल्याकडचे लोक अजून जुन्या चालीरीती सोडत नाहीत, म्हणून चारच वर्षांपूर्वी प्रांताधिकारी तंग यांना हुकूम काढावा लागला. तिथे तर कालपरवापर्यंत छूचंच राज्य होतं. त्यांना तू चिनचा कारकून दिसणार. म्हणून म्हणतो, अंधार पडल्यावर कुणी कितीही गयावया करून बोलावलं तरी तटाबाहेर जाऊ नकोस. माणूस खरंच अडलेला असला तरी? हे लिहिताना हात थांबला. सोबत दोन शिपाई घे आणि मग जा.

हे पत्र नेणाऱ्याबरोबर उन्हाळी अंगरख्याचं कापड पाठवलंय. इथे या दिवसांत स्वस्त मिळालं. आईने शिवायला घेतलं होतं, पण तुझं माप बदललं असेल म्हणून तसंच ठेवलं. तिकडेच शिवून घे. 100 नाणी कापडाच्या घडीत आहेत, मोजून घे.

आजी गेल्याचं धाकटीला अजून पटत नाही, ती तिच्या ताटात भात वाढते. आता तुझंही ताट मांडते. आई काही बोलत नाही, मीही उचलायला सांगत नाही.

पोचल्याची एक ओळ लिही. माझ्या नावाने लिहावंसं वाटत नसेल तर आईच्या नावाने पाठव. वाचून मीच दाखवणार आहे.